दुधातला नीलम

"हा खडा खरा आहे का हो? घरच्या घरी ओळखायची काही युक्ती असेल तर सांगा ना."

रत्नांचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. अमरावतीच्या सराफ्यात येतो, अकोल्यातल्या एखाद्या लग्नघरी येतो, एसटीत शेजारी बसलेल्या प्रवाशाकडूनही येतो. विचारणारा बोटातली अंगठी काढून तळहातावर ठेवतो आणि आशेनं पाहतो. त्या नजरेला उत्तर देणं मला दरवेळी जड जातं, कारण ते उत्तर असं आहे: घरच्या घरी नाही ओळखता येत. मुरलेल्या सराफालाही नुसत्या डोळ्यांनी दरवेळी येत नाही.

एवढं मान्य केलं की फसवणुकीचं निम्मं कोडं सुटतं. वस्तू तपासता येत नसली की माणूस नकळत विकणाऱ्यालाच तपासू लागतो. बोलणं सरळ आहे का, गाव कोणतं, डोळ्यांतलं पाणी खरं वाटतं का. अनोळखी विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. खड्यावर तो फारसा खर्च करत नाही. सगळी मेहनत तो स्वतःच्या गोष्टीवर घेतो. म्हणून या प्रकरणात खड्याबद्दल जेवढं आहे, तेवढंच खड्याभोवती रचल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल आहे.

१. कापूस कळतो, मग खडा का कळत नाही?

वऱ्हाडातला कास्तकार बोंडातून चिमूटभर रुई ओढतो, दोन्ही चिमटींत धरून ताणतो आणि धागा किती लांब आहे ते सांगतो. मूठ दाबून ओल सांगतो. हे ज्ञान पुस्तकातून आलेलं नाही. दरवर्षी क्विंटलांनी कापूस हाताखालून जातो आणि अंदाज चुकला तर त्याच दिवशी बाजारात भाव पडतो. चूक लगेच पदरात पडते, म्हणून हात शिकतो.

खड्याचं उलटं असतं. साध्या घरात आयुष्यभरात दोन-तीन खडे घेतले जातात, आणि चूक झाली तरी ती कळायला मार्गच नसतो. पिवळ्या काचेचा "पुष्कराज" तीस वर्षं बोटात राहू शकतो आणि पुढे सुनेच्या हातातही जाऊ शकतो. बिल नसलेलं, पाकिटावर धड नाव-पत्ता नसलेलं चोर बीटी बियाणं घेतलं आणि ते उगवलं नाही, तर आठ-दहा दिवसांत वावरच सांगतं. खडा उगवतही नाही आणि करपतही नाही. तो गप्प राहतो, आणि त्या गप्प राहण्यावर सगळा धंदा चालतो.

सोन्याच्या बाबतीत निदान काही आधार आहेत. रोजचा भाव वर्तमानपत्रात येतो. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क बंधनकारक झाला. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पाहता येतो. पण हे लक्षात ठेवा की हॉलमार्क फक्त सोन्याच्या शुद्धतेविषयी बोलतो. त्याच अंगठीत बसवलेल्या खड्याविषयी तो काहीही सांगत नाही. "हॉलमार्कची अंगठी आहे, म्हणजे खडाही तपासलेला असणार," असं समजणारी सुशिक्षित माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

२. मिरी, काकडी आणि आंबा

"खोटा खडा" हा शब्द आपण सरसकट वापरतो. खरं तर त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्या नाहीत तर पुढचं काहीच समजणार नाही.

पहिली गोष्ट नक्कल. काळ्या मिऱ्यात पपईच्या वाळक्या बिया मिसळतात, तसा हा प्रकार. दिसायला सारखं, वस्तू निराळी. निळी काच नीलम म्हणून, रंगवलेलं हाड किंवा प्लॅस्टिक पोवळं म्हणून, "अमेरिकन डायमंड" हिरा म्हणून. अमेरिकन डायमंड या नावात डायमंड आहे, पण तो पदार्थ म्हणजे कारखान्यात केलेलं झिर्कोनियमचं ऑक्साइड. हिरा निव्वळ कार्बनचा असतो.

दुसरी गोष्ट कृत्रिम. पॉलिहाउसमधली काकडी काकडीच असते. फक्त ती बंद छपराखाली, माणसाच्या देखरेखीत वाढलेली असते. ऑग्यूस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये माणिक कारखान्यात करण्याची रीत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड तापलेल्या ज्योतीतून खाली सोडायची. वितळलेले थेंब एकावर एक साचत जातात आणि काही तासांत माणकाचा कांडीएवढा गोळा तयार होतो. खाणीतल्या माणकातही तोच पदार्थ, तोच कठीणपणा, तेच वजन. घरात जुनं चावीचं एचएमटी घड्याळ असेल तर तबकडीवर "१७ ज्वेल्स" लिहिलेलं सापडेल. ती सतरा रत्नं म्हणजे चाकांच्या टोकांखाली बसवलेली कृत्रिम माणकंच. शंभरहून अधिक वर्षं जी वस्तू घड्याळात बसते आहे, ती आजही कुणीतरी "बर्माचं माणिक" म्हणून विकतं. हिरेही आता असेच होतात. जून २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला साडेसात कॅरटचा प्रयोगशाळेतला हिरा भेट दिला, तेव्हा तो काय आहे हे उघड सांगूनच दिला होता. कृत्रिम खडा घेण्यात काहीही गैर नाही. काकडीला काकडीचा भाव द्यावा. तो खाणीतला म्हणून खाणीच्या भावानं गळ्यात मारणं, ही चोरी.

तिसरी गोष्ट सुधारलेला खडा, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कार्बाइडनं पिकवलेला आंबा झाडाचाच असतो, पण आढीत पिकलेल्या आंब्याची सर त्याला येत नाही. तसं खाणीतून आलेलं, भेगांनी भरलेलं, जवळपास टाकाऊ माणिक घेतात, त्याच्या भेगांत शिशाची काच ओततात, आणि ते लखलखीत दिसू लागतं. विकणारा म्हणतो, "खाणीतलं आहे," आणि ते वाक्य खोटं नसतं. पण अंगठी दुरुस्तीला गेली आणि सोनाराची ज्योत लागली, किंवा घरी लिंबाच्या रसात उजळायला ठेवली, की आतली काच खराब होते आणि खडा पांढरट जाळीसारखा दिसू लागतो. पाचूत तेल भरण्याची रीत जुनी आहे, नीलम तापवून रंग खुलवण्याचीही. व्यापारात या गोष्टी चालतात, मात्र त्या सांगून करायच्या असतात आणि भावात त्यांचा फरक पडतो.

म्हणजे "खरा आहे का?" हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचे प्रश्न तीन: पदार्थ कोणता? खाणीतला की कारखान्यातला? आणि त्यावर काय प्रक्रिया झाली आहे?

३. दूध, दोरा आणि काच

अनोळखी विक्रेता नुसतं बोलत नाही, करून दाखवतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर आपण पटकन विश्वास ठेवतो, म्हणून हे प्रयोग नीट समजून घेऊ.

नीलम दुधात ठेवला की दूध निळं दिसतं, ही सर्वांत लाडकी कसोटी. आज रात्री घरी एक काम करा. निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा वाटीभर दुधात टाका आणि वरून उजेड धरा. दूध निळसर दिसेल. दूध पांढरं आहे, रंगीत पारदर्शक वस्तूतून गेलेला उजेड त्यावर पडतो. बाकी काहीही घडलेलं नाही. ही कसोटी फक्त एवढंच सांगते की खडा निळा आहे, आणि ते आपल्याला आधीच दिसत होतं.

दुसरी कसोटी दोऱ्याची. खड्याभोवती दोरा घट्ट गुंडाळतात, काडी ओढून ज्योत लावतात, आणि दोरा जळत नाही. "पाहा, रत्नाचं तेज!" हाच दोरा एका रुपयाच्या नाण्याभोवती घट्ट गुंडाळून पाहा. काही क्षण तोही पेटत नाही. दोऱ्याला लागलेली उष्णता लगेच मागच्या वस्तूत ओढली जाते, म्हणून तो पेट घेण्याइतका तापत नाही. दोरा सैल असला की जळतो, आणि सैल किंवा घट्ट गुंडाळणं विक्रेत्याच्या बोटांत असतं.

तिसरी काचेवर रेघ ओढण्याची. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी पायरी मांडली. हिरा १०, माणिक आणि नीलम ९, साधी गारगोटी ७, खिडकीची काच साधारण साडेपाच. म्हणजे काचेवर रेघ तर रस्त्याच्या कडेची गारगोटीही ओढते. काच हरली एवढ्यावरून जिंकणारा हिरा ठरत नाही.

आता काही जणांकडे पेनासारखं यंत्र असतं. खड्याला टेकवलं की पीप वाजतं, म्हणजे हिरा. हे यंत्र खोटं नाही. हिरा उष्णता फार झपाट्यानं ओढून घेतो, ते यंत्र तेवढंच मोजतं. पण मॉइसनाइट नावाचा कारखान्यातला खडा उष्णता जवळपास तशीच ओढतो, आणि साध्या यंत्रावर तोही पीप वाजवतो.

एक कसोटी मात्र खरोखर काही सांगते: पाण्यातलं वजन. सराफाच्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आणा. खडा दोऱ्यानं बांधून, तळाला न टेकवता, पाण्यात बुडवा. काटा जे दाखवेल ते खड्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. समजा खडा हवेत २ ग्रॅम भरला आणि काट्यानं ०.५ ग्रॅम दाखवलं. दोनाला अर्ध्यानं भागा, उत्तर ४. नीलम आणि माणिक पाण्याच्या सुमारे चौपट जड असतात, म्हणजे जुळलं. काट्यानं ०.८ दाखवलं असतं तर उत्तर अडीच आलं असतं, आणि ते साध्या काचेचं माप आहे. पण थांबा. कारखान्यातला नीलमही चौपटच भरतो. पपईची बी या कसोटीनं पकडता येते, पॉलिहाउसमधली काकडी नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. ज्योतीत केलेल्या माणकात वाढीच्या रेषा ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या वळलेल्या असतात, कधी हवेचे बारीक बुडबुडे दिसतात. खाणीतल्या माणकात रेषा सरळ, कोनात जाणाऱ्या असतात. हे वाचायला शिकायला वर्षं लागतात.

४. वावरात सापडलेला हिरा

"विहीर खणताना सापडला." आपल्या भागात ही गोष्ट फार खपते, आणि त्याला एक जुनं कारण असावं. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. म्हणजे "वऱ्हाडात हिरे निघत" हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकातून काढून दाखवता येतं.

पण ते वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, अकोल्यापासून कितीतरी दूर पूर्वेला, आणि तिथला खडक वेगळा, फार प्राचीन आहे. अमरावती-अकोल्याची काळी माती ज्या खडकाची आहे तो बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पसरलेला लाव्हा. हिरा तयार व्हायला दीडशे किलोमीटरहून जास्त खोली लागते आणि तो वर यायला एक वेगळ्याच जातीचा ज्वालामुखी लागतो. आपल्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या झाल्या, त्यांत पुढे पाणी झिरपलं आणि गारगोटी, अकीक, झिओलाइट यांचे स्फटिक जमले. ते अतिशय देखणे असतात. नाशिकजवळ सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहून मी तासभर हललो नव्हतो. पण ते हिरे, माणकं किंवा नीलम नव्हेत.

आता काचेवरची रेघ आणि वावरातली गारगोटी, या दोन्ही गोष्टी जोडून पाहा. नांगराच्या फाळाला लागून एक चकचकीत, टोकदार स्फटिक वर येतो. पोरगं तो खिडकीच्या काचेवर ओढतं, रेघ उमटते. घरात कुजबुज सुरू होते. आठवडाभरात कुणीतरी "पार्टी" घेऊन येतो. या घरानं कुणाला फसवलेलं नाही. गारगोटीनं त्यांना हिरा असल्याचा भास दिला आहे. आणि ठकसेन ज्या घरात जातो, तिथली माणसं त्याच काचेवरच्या रेघेवर विश्वास ठेवणारी असतात.

मातीत खडे "पेरून" केलेली एक मोठी फसवणूक १८७२ मध्ये अमेरिकेत झाली. फिलिप आर्नल्ड आणि जॉन स्लॅक या दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या धनिकांना हिऱ्यांचं शेत सापडल्याचं सांगितलं. लंडनहून हलक्या प्रतीचे कच्चे खडे विकत आणून त्यांनी ते एका ओसाड माळावर पेरले होते. पाहायला येणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधून तिथे नेलं जाई. न्यूयॉर्कच्या प्रख्यात टिफनींनी नमुने पाहून भलीमोठी किंमत सांगितली. त्यांची नजर पैलू पाडलेल्या रत्नांवर तयार झालेली होती, कच्च्या खड्यांवर नाही. अखेर क्लॅरेन्स किंग हा भूगर्भशास्त्रज्ञ स्वतःच्या वाटेनं, स्वतः जागा शोधून तिथे पोचला. त्याला दिसलं की जिथे माती उकरलेली आहे तिथेच खडे आहेत, आणि निसर्गात एकत्र न सापडणारी रत्नं शेजारी-शेजारी पडली आहेत. किंगकडे टिफनींपेक्षा जास्त पैसा किंवा नाव नव्हतं. तो फक्त विक्रेत्यानं पट्टी बांधून नेलेल्या वाटेनं गेला नाही.

५. सव्वापाच रत्ती म्हणजे नेमकं किती?

आपल्याकडे खडा सांगितला जातो तो बहुधा रत्तीत. रत्ती म्हणजे गुंज. जुन्या हिशेबात ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा. तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणून गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची. ही कच्ची रत्ती. पण खड्यांच्या व्यवहारात पक्की रत्तीही चालते, आणि ती दीडपट, सुमारे ०.१८ ग्रॅमची.

आता हिशेब करा. भाव ठरला रत्तीला ४,००० रुपये, खडा सव्वापाच रत्ती, रक्कम २१,००० रुपये. पक्क्या रत्तीनं खडा सुमारे ०.९६ ग्रॅम भरायला हवा, कच्च्या रत्तीनं फक्त ०.६४ ग्रॅम. भाव पक्क्याचा सांगायचा आणि मोजून कच्च्यानं द्यायचं, की तिसरा हिस्सा वजन हवेत जातं आणि दोघांच्या तोंडात शब्द मात्र एकच असतो. म्हणून वजन कॅरटमध्ये किंवा ग्रॅममध्ये लिहून मागावं. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, जगभर.

नावांचंही तसंच आहे. शब्दकोशात पुष्कराज म्हणजे टोपाझ असं सापडतं, पण सराफ्यात आणि ज्योतिषाच्या यादीत पिवळा पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, माणकाच्या कुळातला. त्या दोन अर्थांच्या फटीत टोपाझच नाही, तर आणखी स्वस्त सुनेला, म्हणजे पिवळी गारगोटीही, "पुष्कराज" म्हणून सरकवली जाते. पावतीवर खनिजाचं नाव हवं.

६. चुकारा मिळाला त्या दिवशी

समजा एका कास्तकाराला कापसाचा चुकारा मिळाला आहे. बसस्टँडवर रसवंतीजवळ तो गाडीची वाट पाहतो आहे. शेजारी एक थकलेला माणूस येऊन बसतो. पाणी मागतो. गाव विचारतो, त्या गावात त्याचा कुणी लांबचा साळा निघतो. मग हळूच पुडी उघडतो.

"भाऊ, बापानं ठेवलेला होता. पोरगी दवाखान्यात हाये. सराफाले देल्लं तर तो लुटते. तुमी आपल्यातले वाटले म्हून तुमाले सांगून रायलो."

इथे अजून पैशाचं नावही निघालेलं नाही. नातं आधी जोडलं गेलं आहे. तेवढ्यात पलीकडून एक नीटनेटका माणूस येतो, पुडीत डोकावतो, खिशातलं भिंग काढतो आणि म्हणतो, "ऐंशी हजाराला देता का? आत्ता नाहीत, संध्याकाळी देतो." थकलेला माणूस मान हलवतो; त्याला आत्ता हवे आहेत, तीसच हजार चालतील. तो सभ्य माणूस अर्थातच साथीदार आहे. पण कास्तकाराच्या मनात त्या क्षणी जे घडतं ते नीट पाहायला हवं. त्याला वाटतं, याला किंमत माहीत नाही आणि मला कळली आहे. म्हणजे आपण फसवले जात आहोत ही शंका यायच्या जागी, आपण जरा जास्तच नफा घेतो आहोत, ही टोचणी येते. सावध मनाला तेवढ्यानं झोप लागते. आणि पुढे, सगळं उघड झाल्यावर, हीच टोचणी त्याला पोलिसांकडे जाऊ देत नाही.

खरोखर सराफाकडे जायची वेळ आली तर दुसरी चाल असते: पुडी बदलणं. तपासणीला दाखवतात तो खडा अस्सल असतो. दुकानातून बाहेर पडल्यावर, पैसे मोजताना, फोन येतो, धक्का लागतो, पुडी खिशात जाऊन परत येते. कागद तोच, दोरा तोच, आत काच. बुलडाण्याच्या बाजूला नकली सोन्याच्या गिन्न्यांचे जे गुन्हे वर्षानुवर्षं वर्तमानपत्रात येतात, त्यांतही रीत हीच: आधी दिलेली एक गिन्नी खरी निघते, आणि विश्वास बसला की मोठी रक्कम घेऊन आडवाटेला बोलावतात. तिथे तर मारहाण करून लुटण्यापर्यंत मजल गेलेली आहे. म्हणून "पहिला नमुना खरा निघाला" हा पुरावा धरू नका. तो सापळ्यातला दाणा आहे.

मोबाइलवर बसस्टँड लागत नाही. "राशीचा खडा मोफत, फक्त कुरिअरचे पैसे," मग "सिद्ध करण्याचे" पैसे, मग मोठा खडा. तीच पायऱ्यांची गोष्ट.

७. कागद कोणाचा?

"सर्टिफिकेट आहे ना!" या वाक्यावर आपण फार लवकर गप्प होतो. जून २०२४ मध्ये जयपूरचं एक प्रकरण देशभर गाजलं. तिथल्या एका दुकानातून एका अमेरिकन बाईंनी सुमारे दोन वर्षांत सहा कोटी रुपयांचे दागिने घेतले. अमेरिकेतल्या प्रदर्शनात ते नकली निघाले. त्यांची खरी किंमत शेकड्यांतच होती, तीनशे रुपये, असं पोलिसांनी सांगितलं. त्या दागिन्यांसोबत प्रमाणपत्र होतं. तेही बनावट निघालं. रत्नांच्या बाजारात फिरणाऱ्या व्यापारी बाईंना जे कळलं नाही ते आपल्याला कळलं नाही, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

कागद वाचायची रीत थोडक्यात सांगतो. प्रयोगशाळेचं नाव विक्रेत्याच्या दुकानाशी जोडलेलं आहे का ते पाहा. अहवालाचा क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर स्वतःच्या फोनवर टाका. विक्रेत्यानं पाठवलेल्या लिंकवर किंवा त्यानं दाखवलेल्या चौकोनी कोडवर नाही. लिहिलेलं वजन आणि मापं समोरच्या खड्याशी जुळवा, कारण खरा अहवाल आणि भलताच खडा ही जोडी फार चालते. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, शेऱ्याची ओळ असते. "भेगांत काच भरलेली" किंवा "प्रयोगशाळेत तयार केलेला" हे शब्द तिथेच लपलेले असतात. असा कागद प्रामाणिक असतो. त्यावर बोट ठेवून विक्रेता वरचं मोठं अक्षर तेवढं वाचून दाखवतो.

८. अडचणीतल्या माणसाचा खडा

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते लोभानं फसलेल्यांचं नाही. पेरणी बुडालेला, मुलीचं लग्न अडलेला, घरात कुणी आजारी असलेला माणूस खडा घेतो तो नफ्यासाठी घेत नाही. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की साडेसाती आहे, नीलम घाला. वऱ्हाडात कर्ज आणि दुष्काळ काय करतात हे आपण पिढ्यान्पिढ्या पाहतो आहोत. अशा घरातून खड्याच्या नावानं वीस-तीस हजार काढून नेणं, हे बियाण्याच्या पोत्यात हात घालण्यासारखं आहे.

कुणाच्या श्रद्धेवर बोलायला हे प्रकरण लिहिलेलं नाही. पण दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. खड्यानं कर्ज फिटतं किंवा रोग बरा होतो, याला कसलाही पुरावा नाही, आणि कुठलीही प्रयोगशाळा तसं लिहून देत नाही. दुसरं, जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं चमत्काराचे दावे करून यंत्रं आणि तावीज विकणाऱ्या टीव्हीवरच्या जाहिराती २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर ठरवल्या. "आठ दिवसांत फरक पडेल, नाहीतर पैसे परत" असं छातीठोक सांगणारा माणूस श्रद्धेच्या आडोशाला उभा राहू शकत नाही.

ज्यांना खडा घालायचाच आहे त्यांनी साधा, छोटा, उपरत्नाचा घ्यावा, पक्क्या बिलावर, आपल्याच गावातल्या, उद्याही त्याच ओट्यावर बसलेल्या सराफाकडून. चांदीसाठी खामगावला जाणारी माणसं चमक पाहून जात नाहीत. पिढ्यान्पिढ्यांचं दुकान जागेवर आहे म्हणून जातात.

९. पैसे देण्याआधी आणि दिल्यानंतर

महाग खडा घ्यायचा असेल तर एकच गोष्ट करा: खडा त्या माणसापासून वेगळा करा. त्याचं बोलणं, त्याचा सराफ, त्याचं भिंग, त्याचा कागद, सगळं बाजूला राहू द्या. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, जीआयए, आयजीआय यांच्या प्रयोगशाळा आहेत. संध्याकाळी अमरावतीहून सुटणारी अंबा एक्सप्रेस अकोल्यावरून सकाळी मुंबईत पोचवते. प्रामाणिक व्यापारी तपासणीच्या अटीवर, चिठ्ठी करून खडा देतो किंवा स्वतः सोबत येतो. या धंद्यात ती जुनीच चाल आहे. "एवढा वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे," असं म्हणणाऱ्याला ते गिऱ्हाईक लखलाभ होऊ द्या.

आणि फसवणूक होऊन गेली असेल तर? पैसे फोनवरून गेले असतील तर त्याच तासात १९३० वर फोन करा. जितकं लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. दुकानदार आणि बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, त्याआधी १९१५ वर सल्ला मिळतो. अनोळखी माणूस असेल तर पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. खडा रागानं फेकून देऊ नका. तो, पुडीचा कागद, व्हॉट्सॲपवरचा संवाद, पैसे गेल्याची नोंद, सगळं तसंच ठेवा.

घरच्यांनाही सांगा, त्याच संध्याकाळी सांगा. पुष्कळ बायका-पुरुष हे महिनोन्महिने पोटात ठेवतात आणि घरातली तीच रक्कम पुन्हा उभी करायला दुसरं कर्ज काढतात. मग बसून आठवेल तेवढं लिहून काढा: तो कुठल्या बसमधून उतरला, कोणत्या गावचं नाव घेतलं, "साळा" कोण सांगितला, सोबतच्या माणसाचं भिंग कसं होतं. तुमच्यासमोर पुडी उघडताना त्यानं पिशवीत हात घातला होता. त्या पिशवीत तसल्याच कागदाच्या आणखी पुड्या होत्या, आणि दुपारच्या गाडीनं तो मूर्तिजापूरकडे गेला आहे.